डग्गा कुठे गेला?

साताऱ्याहून कोल्हापूरला निघालो होतो. गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. पण तिच्यातला गाण्यांचा सेट नवा होता आणि तो मी स्वतः बसवला होता. शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, बसले होते. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. त्यांच्या आवडीची जुनी नाट्यगीते मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. कराड ओलांडेपर्यंत अण्णा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाणं छान येतंय रे. पण डग्गा कुठे गेला?"

अण्णा तरुणपणी भजनी मंडळात तबला वाजवत. त्यांचा कान सहज फसणारा नव्हता. मी लक्ष देऊन ऐकले. खरेच की! तबल्याची चाट स्पष्ट ऐकू येत होती, पेटीचे सूर येत होते, गायकाचा आवाजही येत होता. मात्र तो नेमका कोणत्या बाजूने येतो ते कळत नव्हते. आणि डग्ग्याचा घुमारा मात्र जवळजवळ नाहीसा झाला होता. सेट नवा, स्पीकर चांगले, हीच गाणी घरी ऐकली तेव्हा त्यांत डग्गा होता. मग तो गाडीत बसल्यावर गेला कुठे?

विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर केवळ दोन तारांच्या अदलाबदलीत होते. पण त्या तारांपर्यंत पोचण्याआधी मी आणखी एक चूक केली होती, आणि ती बरीच महाग पडली होती. तेव्हा गोष्ट पहिल्यापासूनच सांगतो. गाडीतील तारा कशा ओळखाव्यात हे त्या ओघात तुम्हाला कळेल.

गाडीच्या आधीच्या मालकाने आपला सेट काढून घेताना तारा सरळ कापून टाकल्या होत्या. डॅशबोर्डच्या चौकोनी भोकातून तारांचा एक झुबका बाहेर लोंबत होता. नव्या सेटच्या पाठीमागूनही तसाच झुबका निघत होता. या झुबक्यातील तारा त्या झुबक्यातील तारांना जोडायच्या, एवढेच काम. यात कठीण ते काय, असे मला वाटले.

नव्या सेटच्या बाजूला खरोखरच काही कठीण नसते. बाजारात सुटे मिळणारे सेट बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी तारांचे रंग एकसारखे ठेवले आहेत. पिवळी तार बॅटरीच्या धन टोकाला कायम जोडलेली राहावयाची. लाल तार चावी फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या तारेला जोडायची. काळी म्हणजे अर्थ. निळी तार एरियल वर करणाऱ्या मोटरसाठी, आणि निळीवर पांढरी रेघ असेल तर ती वेगळ्या ॲम्प्लिफायरला 'आता चालू हो' असा इशारा देण्यासाठी. नारिंगी तार गाडीचे दिवे लावले की सेटचा उजेड मंद करते. उरलेल्या आठ तारा चार स्पीकरांच्या: पांढरी जोडी पुढच्या डाव्याची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची आणि जांभळी मागच्या उजव्याची. प्रत्येक जोडीतील नुसत्या रंगाची तार धन आणि त्याच रंगावर काळी रेघ असलेली तार ऋण समजायची.

पिवळी आणि लाल अशा दोन धन तारा कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. सेटमधील घड्याळ आणि लक्षात ठेवलेली रेडिओ केंद्रे यांना गाडी बंद असतानाही थोडा प्रवाह लागतो. तो पिवळीतून मिळतो. हा प्रवाह काही मिलिअँपिअरच असतो. तो ५ मिलिअँपिअर धरला तर दिवसाला ०.१२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला त्याचा महिनोन्‌महिने त्रास होत नाही. लाल तार मात्र 'आता पूर्ण जागा हो' असा निरोप आणते. काही लोक शोधाशोधीचा कंटाळा करून लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या धन तारेला जोडतात. सेट चालतो, त्यामुळे सर्व ठीक झाले असे वाटते. पण सेट बंद करायला विसरलात आणि तो अर्धा अँपिअर जरी घेत राहिला, तरी दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीला धक्का मारायला शेजाऱ्यांना बोलवावे लागते.

खरी अडचण आहे ती गाडीच्या बाजूला. रंगांचा वरील संकेत सेटवाल्यांचा आहे, गाडीवाल्यांचा नव्हे. प्रत्येक गाडीची कंपनी आपले रंग स्वतंत्रपणे ठरवते. एका गाडीत काळी तार अर्थ असेल, तर दुसरीत तपकिरी. युरोपीय गाड्यांत आय.एस.ओ. १०४८७ या मानकाप्रमाणे आठ-आठ टोकांचे दोन ठोकळे असतात. त्यांपैकी 'ए' ठोकळ्यात ४ क्रमांकाला कायमचा धन, ७ क्रमांकाला चावीचा धन आणि ८ क्रमांकाला अर्थ असावा असे ठरलेले आहे. म्हणजे तेथे रंग न पाहता जागा पाहावयाची. तरीसुद्धा काही गाड्यांत ४ आणि ७ यांची अदलाबदल केलेली आढळते! म्हणून तर अनेक सेटांच्या लाल आणि पिवळ्या तारांत सहज सोडवून उलट जोडता येतील असे सांधे दिलेले असतात. शिवाय गाडी जुनी असली की तिच्यात आधीच्या मालकांनी आणि त्यांच्या मिस्त्रींनी हाताला लागेल त्या रंगाची तार जोडलेली असते. तांब्याच्या तारेवरचे वेष्टण लाल आहे की हिरवे, हे तिच्यातून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना ठाऊक नसते. तेव्हा रंगाला न विचारता तारेलाच विचारले पाहिजे, आणि तिला विचारण्याचे साधन म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतील मल्टिमीटर.

हे सर्व मी वर्गात शिकवतो. पण त्या दिवशी मी काय केले? झुबक्यात स्पीकरांच्या म्हणून फक्त दोनच तारा होत्या, डाव्या दारातून एक आणि उजव्या दारातून एक. दोन्ही स्पीकरांचे दुसरे टोक दारातच गाडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेले होते. माझ्या विद्यार्थिदशेतील गाड्यांमध्ये असेच असे, म्हणून मला त्यात काही वावगे वाटले नाही. मी सेटच्या पांढऱ्या आणि करड्या तारा त्या दोन तारांना जोडल्या. आणि काळ्या रेघेच्या दोन तारा, त्या 'ऋण' आहेत तेव्हा त्यांना अर्थ करू या, असे म्हणून पत्र्याला लावल्या. सेट सुरू केला. एक 'ठप्' असा आवाज झाला, मग काहीच नाही. थोड्या वेळाने सेटच्या पाठीमागचा पत्रा हात लावता येणार नाही इतका तापला आणि जळका वास आला. एम.एस्सी. झालेल्या माणसाने नव्या सेटची ही अवस्था पाच मिनिटांत केली होती. दुरुस्तीच्या दुकानातील तरुणाने सेट उघडला, आतील ॲम्प्लिफायरचा आय.सी. दाखवला आणि म्हणाला, "सर, स्पीकरची वायर बॉडीला लावली होती का?"

माझे चुकले कुठे, ते पाहू. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात. तिच्यात प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट एकसरीत जोडलेले असतात, म्हणून विश्रांतीत ती सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना तिचे प्रभारण होत असते आणि विभवांतर १४.४ व्होल्टपर्यंत जाते. आता जुन्या पद्धतीच्या सेटात स्पीकरचे एक टोक अर्थला असे आणि दुसरे टोक शून्य ते १४.४ या मर्यादेत वरखाली होई. म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना फार तर ७.२ व्होल्ट. प्रत्यावर्ती विभवांतराचे परिणामी मूल्य काढण्यासाठी याला २ च्या वर्गमुळाने भागा, सुमारे ५.१ व्होल्ट येतात. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये यामुळे मिळणारी शक्ती ५.१ चा वर्ग भागिले ४, म्हणजे साडेसहा वॅट. धावत्या गाडीच्या गोंगाटात एवढी शक्ती अपुरी पडते.

बॅटरी तर बदलता येत नाही. मग अभियंत्यांनी एक युक्ती केली. स्पीकरचे दुसरे टोक अर्थला न बांधता तेथेही एक ॲम्प्लिफायर बसवला. एक ॲम्प्लिफायर आपले टोक वर नेतो तेव्हा दुसरा आपले टोक खाली नेतो. दोन माणसांनी करवत ओढावी तसे. आता स्पीकरच्या दोन टोकांमधील विभवांतर एका दिशेला १४.४ आणि दुसऱ्या दिशेलाही १४.४ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. विभवांतर दुप्पट झाले म्हणजे शक्ती चौपट, सुमारे २६ वॅट. प्रत्यक्षात थोडी घट होते, पण हिशेब असा आहे. (खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५० वॅट' छापलेले असते ते कोठून येते, हे तुम्हीच शोधा: १४.४ चा वर्ग करून ४ ने भागून पाहा. आवाज पार फाटून तरंग चौकोनी झाला तरच मिळणारी ही शक्ती आहे. चारही स्पीकरांना ती सतत द्यायची म्हटली तर सेटच्या पाठीवरचा १० अँपिअरचा फ्यूज केव्हाच वितळेल.)

या रचनेत संगीत थांबलेले असताना स्पीकरची दोन्ही टोके बॅटरीच्या निम्म्या विभवावर, म्हणजे सहा-सात व्होल्टवर, तरंगत असतात. दोन्ही समान विभवावर असल्याने स्पीकरमधून प्रवाह वाहत नाही. 'ऋण' म्हटलेली तार अर्थ नसतेच. तिच्यावरही सहा व्होल्ट असतात. मी ती पत्र्याला लावली तेव्हा एक ॲम्प्लिफायर सरळ लघुपरिपथित झाला. शिवाय पांढऱ्या तारेवरचे सहा व्होल्ट स्पीकरमधून पत्र्याकडे वाहू लागले, ते निराळेच. यातून ओळखीची एक चांगली खूण मिळते. चालू सेटच्या पाठीमागची एखादी तार अर्थशी तुलना करता पाच ते सात व्होल्ट दाखवत असेल, तर ती स्पीकरची समजा आणि तिला पत्र्यापासून दूर ठेवा.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणाने वागलो. दारातील स्क्रू काढून टाकले, प्रत्येक स्पीकरपासून दोन-दोन नव्या तारा ओढून आणल्या आणि झुबक्यातील प्रत्येक तार मोजूनच जोडायची असे ठरवले. आधी सर्व टोके एकमेकांना लागणार नाहीत अशी पसरून ठेवली. मीटर २० व्होल्टच्या एकदिश पल्ल्यावर ठेवून त्याचा काळा सळा दाराच्या बिजागरीजवळच्या उघड्या धातूला लावला. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, म्हणून सगळा पत्राच परतीच्या तारेचे काम करतो. (ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत धन टोक सांगाड्याला जोडलेल्या गाड्या पुष्कळ होत्या. कोणाची जपून ठेवलेली जुनी गाडी हाताळायला मिळाली तर हे विसरू नका.) चावी काढलेली असताना एक तार १२.५ व्होल्ट दाखवू लागली. ही कायमची धन. चावी पहिल्या खाचेपर्यंत फिरवली, आणखी एक तार जागी झाली. ही चावीची. पार्किंगचे दिवे लावले, तिसरी जागी झाली. ही दिव्यांची.

आता अर्थ शोधायची. मीटर ओहमच्या पल्ल्यावर घ्यायचा आणि जी तार पत्र्याशी जवळजवळ शून्य रोध दाखवील ती अर्थ. ओहमच्या पल्ल्यावर मीटर स्वतःच्या घटातून प्रवाह सोडतो, त्यामुळे जिवंत तारेला तो लावायचा नाही. म्हणून आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवायचे. ऋणच आधी का? ऋण टोकाचा नट सोडवताना पाना पत्र्याला लागला तर काहीच होत नाही, कारण दोन्ही एकाच विभवावर आहेत. धन टोक सोडवताना तो पत्र्याला लागला तर शेकडो अँपिअरची ठिणगी उडते.

येथे एक सापळा आहे, आणि तो मला फार आवडतो. दिव्यांची जी तार आपण वर ओळखली, ती दिवे बंद असताना ओहमच्या पल्ल्यावर हुबेहूब अर्थसारखी दिसते! १२ व्होल्ट, ५ वॅटच्या दिव्याचा रोध किती? १२ चा वर्ग भागिले ५, म्हणजे सुमारे २९ ओहम. पण हा रोध तंतू पांढराशुभ्र तापलेला असतानाचा. थंड तंतूचा रोध त्याच्या साधारण दहाव्या भागाइतकाच असतो. असे पाच-सहा थंड दिवे समांतर जोडणीत पत्र्याला जोडलेले असले की एकूण रोध अर्ध्या ओहमच्या आसपास येतो. घाईत असलेला माणूस हीच अर्थ म्हणून सेटची काळी तार तिला जोडतो. दिवसभर सेट उत्तम चालतो, कारण प्रवाह त्या तंतूंमधून पत्र्यात उतरत असतो. संध्याकाळी दिवे लावले की तीच तार १२ व्होल्टवर जाते आणि सेट मुका होतो. आणि सेटचा पत्रा गाडीच्या पत्र्याला टेकलेला असला तर दिव्यांचा फ्यूज जाऊन मागचे लाल दिवे विझतात. रात्रीच्या घाटात हे कळले तर काय होईल, कल्पना करा. म्हणून आधी व्होल्ट मोजायचे, जिवंत होणाऱ्या सर्व तारा बाजूला काढायच्या, आणि उरलेल्यांतच अर्थ शोधायची.

मीटरसुद्धा आंधळेपणाने मानू नये. अंकीय मीटरचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो, म्हणजे तो तारेतून नावालाच प्रवाह घेतो. एखादा सांधा गंजून त्याचा रोध १,००० ओहम झाला असला तरी मीटर १२.६ व्होल्टच दाखवील, पण त्या तारेवर सेट चालणार नाही. शंका आली तर मीटरबरोबर एक छोटा १२ व्होल्टचा दिवा तारेला लावून पाहावा. दिवा प्रत्यक्ष प्रवाह मागतो. त्याच्यापुढे गंजलेल्या सांध्याचे सोंग टिकत नाही.

पण हा दिवा किंवा ओहमवर ठेवलेला मीटर सेटच्या झुबक्याबाहेर नेऊ नका. आजच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली आणि डॅशबोर्डमागे पिवळ्या नळीत घातलेल्या किंवा पिवळ्या ठोकळ्यात संपणाऱ्या तारा असतात. त्या एअरबॅगच्या. एअरबॅग फुगवणाऱ्या प्रज्वलकाचा रोध सुमारे २ ओहम असतो, म्हणजे मीटरला तो एखाद्या स्पीकरसारखाच दिसेल. पण त्यातून थोडा प्रवाह गेला तरी स्फोट होतो आणि समोरच्या माणसाचा चेहरा शाबूत राहीलच असे नाही. सेटच्या मागची पिवळी तार बॅटरीची, आणि हाताच्या अंतरावरची ही पिवळी नळी एअरबॅगची. रंगावर का विसंबू नये, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. अलीकडच्या अनेक गाड्यांत तर चावीची वेगळी तारच नसते. 'चावी फिरवली' हा निरोप पिळलेल्या दोन तारांवरून अंकीय संकेतांच्या रूपाने येतो. या तारा विश्रांतीत अडीच व्होल्टच्या आसपास असतात. त्यांना हात लावू नये. तेथे जाणत्या माणसाचे आणि योग्य जोडखंडाचे काम आहे.

आता स्पीकर. जोड्या ठाऊक नसल्या तर ओहमच्या पल्ल्यावर शोधता येतात. आठ तारांतून एक धरायची आणि उरलेल्या सातांना पाळीपाळीने लावायची. जिच्याशी ३ ते ४ ओहम दिसतील ती तिची जोडीदार. मग उरलेल्या सहांतून पुन्हा तेच. फार तर ७ + ५ + ३ + १ म्हणजे १६ मोजमापांत काम होते. स्पीकरवर ४ ओहम छापलेले असताना मीटर ३.५ का दाखवतो, असे विद्यार्थी विचारतात. मीटर केवळ तारेचा एकदिश रोध मोजतो. छापलेला आकडा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचा असतो आणि तो थोडा जास्तच असतो.

ही जोडी कोणत्या दाराची, हे कळण्यासाठी टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल पुरतो. सेटपासून तारा पूर्ण सोडवलेल्या असताना सेलची दोन टोके क्षणभर जोडीला लावा. ज्या दारातून 'टक्' ऐकू येईल, त्या दाराचा स्पीकर. प्रवाह जेमतेम ०.४ अँपिअर जातो, स्पीकरला काही होत नाही. मात्र उंच स्वरांसाठी असलेल्या छोट्या स्पीकरला एकसरीत संधारित्र, म्हणजे कंडेन्सर, जोडलेले असते. एकदिश प्रवाह त्यातून जात नाही, म्हणून मीटर तेथे अनंत रोध दाखवतो. तो स्पीकर बिघडला आहे असे समजून फेकू नका.

हे सर्व मी नीट केले, आणि येथेच माझी दुसरी चूक झाली. कोणती जोडी कोणत्या दाराची हे पाहिले. पण जोडीतील धन कोणती, ऋण कोणती, हे पाहिले नाही. मनात म्हटले, ध्वनीचा संकेत प्रत्यावर्ती आहे, सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो. त्याला कसले धन आणि ऋण? एकच स्पीकर असता तर हे बरोबर होते. पण स्पीकर दोन होते.

स्पीकरचा शंकू सेल लावल्यावर का हलतो? त्याच्या मागे तारेचे एक कुंतल चुंबकाच्या फटीत टांगलेले असते. प्रवाह वाहिला की फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाप्रमाणे त्यावर बल येते आणि शंकू पुढे किंवा मागे सरकतो. प्रवाह उलटा केला की उलट सरकतो. सेलचे धन टोक ज्या टोकाला लावले असता शंकू बाहेर येतो, त्याला स्पीकरचे धन टोक म्हणायचे असा संकेत आहे. पुष्कळ स्पीकरांवर हे टोक रुंद पट्टीचे आणि ऋण टोक अरुंद पट्टीचे असते. माझ्या एका दारात ही जोडी उलटी लागली होती. म्हणजे एकच संकेत आला असता डावा शंकू बाहेर ढकलत होता तेव्हा उजवा आत ओढत होता.

जुन्या ध्वनिमुद्रिका एकाच वाहिनीच्या असतात. त्यांतील आवाज डाव्या आणि उजव्या स्पीकरला अगदी सारखाच मिळतो. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपास धरू. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, तेव्हा तरंगलांबी ३४० भागिले १००, म्हणजे ३.४ मीटर. गाडीच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त! अण्णांच्या कानापासून जवळचा आणि दूरचा स्पीकर यांच्या अंतरांत फरक फार तर ४० सेंटिमीटरचा, म्हणजे तरंगलांबीच्या आठव्या-नवव्या हिश्श्याचा. एवढ्याशा फरकाने तरंगांची कला फारशी बदलत नाही. त्यामुळे एका स्पीकरने हवेचा दाब वाढवला त्याच सुमारास दुसऱ्याने तो कमी केला, आणि दोन्ही मिळून कानाच्या पडद्यापर्यंत थोडेच पोचले. गणित केले तर तारा बरोबर असताना मिळणाऱ्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी दाब उरतो. भौतिकशास्त्रात याला विनाशक व्यतिकरण म्हणतात. यंगने प्रकाशाच्या बाबतीत दाखवलेले व्यतिकरण तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचता; तेच येथे दोन दारांमध्ये घडत होते. शिवाय गाडी हा बंद डबा आहे. एका बाजूने हवा आत ढकलली आणि दुसरीकडून तेवढीच ओढून घेतली, तर डब्यातील दाब बदलायचा कसा?

मग तबल्याची चाट का टिकली? तिच्यातील ३,००० हर्ट्झचा अंश घ्या. तरंगलांबी सुमारे ११ सेंटिमीटर. ४० सेंटिमीटरच्या फरकात असे साडेतीनहून जास्त तरंग मावतात. डोके थोडेसे हलले की कुठे दोन्ही आवाज एकमेकांना मिळतात, कुठे कापतात. शिवाय दोन कानांना दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात आणि काचांवरून परतलेले तरंग त्यात भर घालतात. एकूण हिशेबात फारसे काही हरवत नाही. पण दोन कानांना मिळणारा संकेत असा विसंगत झाल्याने गायक समोर बसला आहे असे वाटायच्या ऐवजी त्याचा आवाज कोठूनच येत नाहीसा वाटतो. अण्णांनी नेमके हेच ऐकले होते.

हे तुम्हाला शाळेत करून पाहता येईल. कोणत्याही मोडक्या रेडिओतून दोन सारखे स्पीकर काढा, समांतर जोडा, एकच गाणे लावा आणि ते शेजारी-शेजारी धरा. मग एकाची टोके उलटी करा. दुसरा प्रयोग आणखी मजेचा आहे. स्पीकरची टोके प्रयोगशाळेतील गॅल्व्हानोमीटरला लावा आणि बोटांनी शंकू हळूच दाबा. काटा हलेल! आता स्पीकर जनित्र झाला आहे. शंकू बाहेर येताना जे टोक धन होते, तेच स्पीकरचे धन टोक. म्हणजे सेल नसला तरी ओळख पटवता येते.

कागलच्या अलीकडे एका धाब्यावर थांबलो... चुकलो, एवढे पुढे गेलो नव्हतो. पेठनाक्याच्या आसपासची गोष्ट. चहा येईपर्यंत मी गाडी आणि सेट बंद केला आणि डाव्या दाराची जाळी काढली. खिशात सेल नव्हता, तो दुकानदाराच्या टॉर्चमधून मागून घेतला. डॅशबोर्डमागचा डाव्या स्पीकरचा सांधा सोडवून त्याच्या पांढऱ्या बाजूच्या तारेला सेलचे धन टोक लावले, तर शंकू आत गेला. दोन तारांची अदलाबदल केली, चिकटपट्टी गुंडाळली, सेल टॉर्चमध्ये परत घातला. अण्णा बाकावर बसून हे सगळे पाहत होते.

गाडी सुरू झाली तेव्हा तेच गाणे पुन्हा लावले. अण्णांनी डोळे मिटले. दुसऱ्या आवर्तनाला त्यांच्या डाव्या हाताची बोटे मांडीवर डग्ग्याचे बोल वाजवू लागली.